ओपनिंग डेला गलेट बाकावर? असं सुटलं कोडं

आमच्या कॉम्प्युटरवरच्या बेसबॉल लीगमध्ये अमेरिकेतला १९७५ चा हंगाम चालू करायचा होता. पहिलाच सामना (ओपनिंग डे) सिनसिनाटीत, तिथला संघ रेड्स विरुद्ध लॉस एंजेलिसचा डॉजर्स. खऱ्या सामन्यात रेड्सचा डॉन गलेट आणि डॉजर्सचा डॉन सटन हे पिचर (चेंडू टाकणारे) समोरासमोर होते. आमच्याकडे मात्र रेड्सचा चौथ्या नंबरचा पिचर तयार दिसत होता. मग मजा काय राहिली!

आधी वाटलं गलेट जखमी असेल. तसं काही नव्हतं. त्याच्या पानावर थकव्याची पट्टी अर्धी लाल होती: सरावाचा सामना दोनच दिवसांपूर्वी, आणि पूर्ण सात इनिंग. रोटेशनची (कोणत्या सामन्यात कोणता पिचर सुरुवात करणार, त्या पाळीची) सेटिंग 'ज्याला जास्त विश्रांती, तो खेळेल' अशी, त्यामुळे गेमने हिशोबाने बरोबरच केलं होतं.

सेव्ह केलेल्या जुन्या फाइलवरून मागे गेलो. गलेटचा शेवटचा सराव पाच दिवस आधी आणला, त्यात टाकायचे चेंडू कमी ठेवले, रोटेशन 'ठरलेल्या क्रमाने' केलं. नुसता क्रम बदलून भागत नाही; थकलेला पिचर तिसऱ्या इनिंगमध्येच मार खातो.

जाता जाता डीएचही (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू) बंद केला. तेव्हा तो १९७३ पासून फक्त अमेरिकन लीगमध्ये होता. रेड्स आणि डॉजर्स नॅशनल लीगचे, इथे पिचरनेच बॅटिंग करायची.

सामना सटननेच जिंकला म्हणा, पण जोडी खरी जमली.