एंडोमेट्रिओसिसच्या दुखण्यावर आपल्याला लागू पडेल असं औषध कसं शोधायचं

मी फार्मासिस्ट आहे. सांगलीत आमचं मेडिकलचं दुकान आहे आणि एंडोमेट्रिओसिस मला स्वतःलाही आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, तो हा आजार. "ताई, पाळीच्या दुखण्यावर जरा जोरदार गोळी द्या," असं म्हणत त्याच त्या मुली दर महिन्याला काउंटरवर येतात, कुणी भिंतीला टेकून उभी, कुणी पोट धरून. त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

या आजारात सगळ्यांना चालेल अशी एक जोरदार गोळी नसते. दुखणं थांबवणारी औषधं वेगळी आणि आजाराला आवर घालणारी हार्मोनची औषधं वेगळी. त्यातलं आपल्याला कुठलं, हे वय, मूल हवंय का आणि कधी, मायग्रेन, ब्लडप्रेशर, अॅसिडिटी अशा गोष्टींवर ठरतं. म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी महिना-दोन महिने वही ठेवा. "खूप दुखतं" एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. अशी ओळ लिहा: "पाळीचा दुसरा दिवस. सकाळी दुखणं दहापैकी ८. नाश्ता करून गोळी घेतली, दोन तासांनी ५. कॉलेजला गेले नाही. शौचाला बसताना कळ." शौचाला, लघवीला, संबंधाच्या वेळी दुखतं का, हे लाज बाजूला ठेवून लिहा. आजार कुठे पसरला असेल याचा अंदाज त्यावरून येतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाही असं होत नाही. चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ, दिसते, पण पोटातल्या पडद्यावरचे आजाराचे बारीक ठिपके बहुतेक वेळा दिसत नाहीत. आणि आधी दुर्बिणीतून ऑपरेशन, मगच औषध, असंही आता राहिलेलं नाही. एश्रे या युरोपातल्या तज्ज्ञ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार लक्षणांवरून औषध सुरू करता येतं.

आता दुखण्याच्या गोळ्या. मेफेनॅमिक अॅसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही एकाच घरातली भावंडं. कळा आणणारं प्रोस्टाग्लँडिन शरीरात तयार होतं, ते या गोळ्या कमी करतात. त्यामुळे कळ पूर्ण चढल्यावर घेतली तर गोळी मागे पडते. पाळीची चाहूल लागताच, पोटात काहीतरी खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने ते दोन-तीन दिवस घ्या. मेफ्टाल (यात मेफेनॅमिक अॅसिड) घेऊन थांबलं नाही म्हणून वर कॉम्बिफ्लाम (यात आयबुप्रोफेन) घेणाऱ्या कितीतरी जणी मला भेटतात. कृपा करून असं करू नका. दोन्ही एकाच गटातल्या आहेत. आराम दुप्पट होत नाही, जठराला आणि किडनीला त्रास मात्र वाढतो. अल्सर, किडनीचा आजार किंवा दमा असेल, किंवा गरोदरपणाची शक्यता असेल, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. मेफेनॅमिक अॅसिडबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने इशारा दिला होता: क्वचित कुणाला काही आठवड्यांनी ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणं अशी गंभीर रिअॅक्शन येते. तसं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.

दर महिन्याला गोळ्यांवर भागत नसेल तर हार्मोनच्या औषधांबद्दल स्वतःहून विचारा. लग्न न झालेल्या मुलींच्या आया इथे घाबरतात, "गर्भनिरोधक गोळी? लोक काय म्हणतील?" काकू, तुमच्या लेकीला ती गोळी दुखण्यासाठी दिली आहे, आणि त्या गोळीने पुढे मूल होत नाही हा गैरसमज आहे. ही गोळी मध्ये खंड न पाडता घेतली की बहुतेक वेळा पाळी येत नाही, म्हणून पाळीचं दुखणंही कमी होतं. मात्र डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येणारं मायग्रेन, रक्ताच्या गुठळीचा इतिहास किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी चालत नाही.

मी स्वतः डायनोजेस्ट ही इस्ट्रोजेन नसलेली हार्मोनची गोळी घेते, २ मिलिग्रॅम, रोज एक, ठरलेल्या वेळी. सुरुवातीचे काही महिने अधूनमधून तपकिरी डाग जातात. बहुतेक मुली इथेच कंटाळून गोळी सोडतात आणि "लागू पडलं नाही" म्हणतात. तीन महिने तरी द्या. रक्तस्राव जास्त होत असेल किंवा मन सतत उदास राहत असेल तर डॉक्टरांशी बोला, गोळी परस्पर बंद करू नका. आणि ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नाही, त्यासाठी कंडोम वेगळा वापरा. रोज गोळी लक्षात राहत नसेल तर हार्मोन असलेली, गर्भाशयात बसवायची आययूडी आहे. ती काही वर्षं काम करते. कॉपर टी वेगळी, तिने रक्तस्राव आणि कळा वाढू शकतात.

एवढ्यानेही भागलं नाही तर ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं येतात. त्यांनी शरीर तात्पुरतं रजोनिवृत्तीसारखं होतं, अंगातून गरम वाफा येतात, हाडं विरळ होतात. म्हणून सोबत थोडं हार्मोन परत देतात का आणि इंजेक्शन किती महिने घ्यायचं, हे पहिल्याच दिवशी विचारा.

मूल हवं असेल तर ते भेटीच्या सुरुवातीलाच सांगा. ही बहुतेक हार्मोनची औषधं चालू असताना सहसा दिवस राहत नाहीत, आणि ती घेतल्याने पुढे दिवस राहायला मदतही होत नाही. अशा वेळी सगळा बेतच वेगळा आखावा लागतो.

पाळी नसतानाही रोज जळजळ किंवा चमका येत असतील, तर नसांच्या दुखण्याची औषधं आणि ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी याबद्दल विचारा. तिथे नुसती पेनकिलर वाढवून उपयोग होत नाही. गरम पाण्याची पिशवी कुठल्याही औषधाबरोबर चालते.

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. हे औषध महिनोन्महिने चालतं आणि कंपनीगणिक किमतीत बराच फरक असतो. जनऔषधी केंद्रातही त्याच नावाने चौकशी करा. आणि उठण्याआधी डॉक्टरांना विचारा: तीन महिन्यांनी फरक पडला नाही तर पुढचं औषध कोणतं? उत्तर वहीतच लिहून घ्या.

अचानक असह्य कळ, चक्कर, ताप, काळं शौच, किंवा पाळी चुकलेली असताना पोटात दुखणं, यातलं काहीही झालं तर माझ्या किंवा कुणाच्याही काउंटरवर येऊ नका, सरळ हॉस्पिटलमध्ये जा.