डिसोझांपाशी अडलेला शोध

वाचनालयाच्या सभासदांची यादी मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, म्हणजे अ‍ॅक्सेसमध्ये आहे. फॉर्मवर आडनाव शोधायची सोय हवी म्हणून टेक्स्टबॉक्स आणि बटण टाकलं. क्लिकचा कोड सरळच: रेकॉर्डसेटक्लोनवर (फॉर्ममागच्या नोंदींची प्रत) फाइंडफर्स्ट (अटीत बसणारी पहिली नोंद शोधणारी आज्ञा) चालवायचं, नोमॅच फॉल्स आलं, म्हणजे नोंद सापडली, की क्लोनचा बुकमार्क (त्या नोंदीची खूण) फॉर्मला द्यायचा; फॉर्म थेट त्या रेकॉर्डवर जातो. पाटील, नाईक झटक्यात सापडले. इंग्रजीतले डिसोझा (D'Souza) टाकले आणि एरर ३०७७, म्हणजे अटीच्या मांडणीत चूक! तासभर स्पेलिंगच तपासत बसलो. घोळ 'डी'नंतरच्या अ‍ॅपॉस्ट्रॉफीचा होता. शोधाच्या अटीतलं एकेरी अवतरण ती मध्येच बंद करत होती. रिप्लेस फंक्शनने एकीच्या दोन केल्या, सुटलं. नाव नसेल तर 'सापडलं नाही' असा मेसेजही टाकला, नाहीतर काउंटरवरच्या काकू बटण दाबतच राहतात.