जुन्या लॅपटॉपवर घरचं सामायिक स्टोरेज: या चुका टाळा

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते आणि रात्रभर चालते. एका वर्षी मी गच्चीवरून तिचा लांबलचक व्हिडिओ घेतला आणि हौसेनं घरच्या नव्या ‘सर्व्हर’वर टाकायला गेलो. सर्व्हर म्हणजे घरातल्या सगळ्या कॉम्प्युटर-टीव्हीला नेटवर्कवरून एकाच जागच्या फाईली दिसाव्यात म्हणून चालू ठेवलेला जुना लॅपटॉप आणि त्याला लावलेली तितकीच जुनी ५०० जीबीची डिस्क. कॉपी मध्येच थांबली. डिस्क निम्मीसुद्धा भरली नव्हती. मी राऊटर बंद-चालू केला, वायर बदलली, मोबाईलला शिव्या घातल्या. दोष निघाला डिस्कच्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धतीत. कधीकाळी टीव्हीला चालावी म्हणून ती एफएटी३२ करून घेतली होती, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही.

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर डिस्क ईएक्सटी४ करा, विंडोज असेल तर एनटीएफएस. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं जातं, तेव्हा आधी माल दुसरीकडे हलवा. ‘ईएक्सटी४ केली तर विंडोजवाल्या कॉम्प्युटरला दिसेल का?’ हा प्रश्न मला हमखास विचारतात. नेटवर्कवरून दिसते. डिस्क वाचायचं काम सर्व्हरचं असतं. फक्त ती काढून थेट विंडोजला लावली तर उघडणार नाही.

लाईटचा विचार डिस्क घेण्याआधी

आपल्याकडे वळिवाच्या दिवसांत लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. तरी लोक दुकानात जाऊन ‘जास्त टीबी, कमी पैसे’ एवढंच बघतात आणि साडेतीन इंची मोठी डिस्क घेऊन येतात. तिला स्वतःचा ॲडॉप्टर लागतो. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, डिस्क मात्र लिहिता लिहिता बंद पडते. फाईल अर्धवट राहते. असं वारंवार झालं की पूर्ण फाईल सिस्टीमच बिघडते आणि डिस्क ‘फॉरमॅट करू का?’ विचारू लागते. तेव्हा घाईत ‘हो’ म्हणू नका.

अडीच इंची डिस्क यूएसबीवरूनच वीज घेते. म्हणजे लॅपटॉपची बॅटरी हीच तिचा यूपीएस. आपल्या भागात जुना लॅपटॉप आणि अडीच इंची डिस्क ही जोडी बाजारातल्या महागड्या तयार स्टोरेजच्या डब्यापेक्षा बरी, असं माझं मत आहे. अट एकच, लॅपटॉपची बॅटरी धड हवी. चोवीस तास चार्जिंगला राहून ती फुगू शकते, म्हणून बऱ्याच कंपन्यांच्या सेटिंगमध्ये ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती लावा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर बॅटरी काढलीच पाहिजे. लॅपटॉप मिटला तरी झोपू नये हेही सेटिंगमध्ये सांगावं लागतं. नाहीतर कुणीतरी धूळ पुसताना झाकण लावतं आणि सर्व्हर गायब होतो.

जुना डेस्कटॉप वापरत असाल तर घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा खटका आहे का बघा. साध्या मोडवर इन्व्हर्टरला वीज पकडायला जो क्षणभराचा उशीर होतो, तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, ‘वीज आल्यावर आपोआप चालू’ हाही पर्याय असतो. आणि बिलाचा हिशेब करा. १५ वॅटचा लॅपटॉप महिनाभर चालला तर साधारण ११ युनिट, ६० वॅटचा डेस्कटॉप ४३.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून वापरणाऱ्यांसाठी एवढंच: पाय ४ च्या चारही यूएसबींना मिळून १.२ अँपिअर मिळतं. दोन डिस्का टांगल्या की त्या टिकटिक करत गायब होतात. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब घ्या.

“पासवर्ड बरोबर आहे की, तरी घेत नाही!”

वडगावच्या मामांनी हे मला फोनवर तीन वेळा ऐकवलं. ते टाकत होते चार आकडी पिन. विंडोजच्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर शेअर केलं असेल तर नेटवर्कवरून पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो बऱ्याच जणांच्या लक्षातही नसतो. सरळ उपाय असा की शेअरिंगपुरतं एक वेगळं लोकल खातं काढा, ‘घर’ नावाचं म्हणा, त्याला पासवर्ड द्या आणि सगळ्यांना तोच सांगा. फोल्डरला परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते, शेअरिंगमध्ये आणि सिक्युरिटीमध्येही. मामांनी दुसरी दिली नव्हती. त्यामुळे पासवर्ड सुटल्यावर फोल्डर दिसायला लागलं, पण उघडेना.

‘पासवर्डच नको, घरातलीच माणसं’ हा विचार आता चालत नाही. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती बिनपासवर्डाच्या पाहुण्या खात्याने सर्व्हरला आपोआप जोडू देत नाही. राऊटरच्या यूएसबीला डिस्क लावणाऱ्यांची अडचण आणखी जुनी आहे. बरेच स्वस्त राऊटर फक्त एसएमबी१ ही फाईली शेअर करायची जुनाट पद्धत बोलतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस तिच्यातल्याच भोकातून जगभर पसरला आणि त्याच वर्षीपासून नव्या विंडोज १० मध्ये ती बंद येऊ लागली. ती पुन्हा चालू करायचे व्हिडिओ भरपूर सापडतील. करू नका, राऊटरची यूएसबी सोडून द्या.

कॉम्प्युटरला दिसतं, टीव्हीला दिसत नाही

इंटरनेटवाल्याने बसवलेला एक डबा हॉलमध्ये, आणि सिग्नल पुरत नाही म्हणून आपण आणलेला दुसरा राऊटर माडीवर. असं घर असेल तर आधी टीव्ही आणि सर्व्हर दोघांचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते बघा. टीव्हीचा १९२.१६८.१ ने सुरू होणारा आणि सर्व्हरचा १९२.१६८.० ने, असं असेल तर एका घरात दोन वेगळी गावं झालीत. दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय पसरवेल, आणि प्रश्न मिटतो. टीव्ही पाहुण्यांच्या वायफायवर असेल तरी हेच होतं.

लाईट जाऊन आल्यावर सर्व्हर हरवतो, ही तक्रारही राऊटरचीच. चालू झाल्यावर तो सर्व्हरला नवा आयपी देऊ शकतो, आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. राऊटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायच्या सेटिंगमध्ये सर्व्हरला कायमचा पत्ता राखून ठेवा.

वेगाचं थोडक्यात. फाईल सेकंदाला ११ एमबीवर अडकली असेल तर डिस्कला दोष देऊ नका, कुठेतरी १०० एमबीपीएसची गाठ आहे. लॅपटॉपचा पोर्ट तेवढाच असेल, किंवा वायरच्या आठ तारांतली एखादी तुटली असेल. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही तारा लागतात, शंभराला चार पुरतात, म्हणून वायर ‘चालते’ असं वाटतं. २०० जीबी फोटो चढवायला ११ च्या वेगाने पाच तास, गिगाबिटवर अर्धा-पाऊण तास. पण नुसतं टीव्हीवर बघायचं असेल तर शंभरही भरपूर झालं. उगाच खर्च करू नका.

बाहेरगावाहून फोटो बघायचे म्हणून राऊटरचे पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून घरात यायचे दरवाजे, उघडण्याची चूकही बरेच जण करतात. त्यापेक्षा आपलीच उपकरणं इंटरनेटवरून खासगी जोडणीने जोडणारं टेलस्केल हे सॉफ्टवेअर बसवा. इंटरनेटवाल्याने स्वतंत्र पब्लिक आयपी दिला नसला तरी ते चालतं.

पुसलेलं परत येत नाही

वहिनींनी एकदा ‘डबल झालेले’ फोटो म्हणून अख्खं फोल्डर पुसलं. ते डबल नव्हतं. त्यांना वाटलं, रिसायकल बिनमध्ये असेलच. नेटवर्कवरून पुसलेली फाईल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. ओपनमीडियाव्हॉल्ट ही घरच्या सर्व्हरसाठीची लिनक्स प्रणाली वापरत असाल तर प्रत्येक शेअरच्या सेटिंगमध्ये रिसायकल बिनचा चौकोन असतो. त्यावर पहिल्याच दिवशी खूण करा.

दोन डिस्का आरशासारख्या जोडल्या की बॅकअप झाला, हाही असाच समज. एक डिस्क मेली तर दुसरी वाचवते, हे खरं. पण वहिनींनी पुसलेलं फोल्डर दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी जातं. माझ्याकडे आरसा नाही. दुसरी डिस्क मी महिन्यातून एकदा लावतो, कॉपी करतो, काढून ठेवतो. लग्नाचे फोटो, आजोबांच्या शेताचे कन्नडमधले उतारे, मुलांची सर्टिफिकेटं एवढं तिसऱ्या डिस्कवर आहे, आणि ती खानापूरला बहिणीकडे असते. तिथल्या पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, म्हणून डिस्क घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. गणपतीला गेलो की डबा उघडायचा, डिस्क लावायची, चार-पाच फाईली खरोखर उघडून बघायच्या आणि पुड्या बदलायच्या.