आडवी रेघ म्हणजे शून्य नव्हे: माझा अनुभव

जत तालुक्यातील एका पर्जन्यमापकाच्या नोंदींना सरळ रेषा बसवली, तेव्हा पाऊस वाढत असल्याचे दिसले. मला ते पटेना. जुनी वही पुन्हा उघडली. तिच्यात जिथे आडवी रेघ, म्हणजे ‘नोंद नाही’, होती, तिथे मी संगणकात शून्य भरले होते, आणि अशा रेघा सुरुवातीच्या वर्षांत अधिक असल्यामुळे तो काळ खोटाच कोरडा ठरला होता. पावसाळ्याच्या नोंदी अपुऱ्या असलेली वर्षे वगळून मान-केंडल चाचणी, म्हणजे काळाबरोबर वाढ किंवा घट आहे का हे तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी, लावली. उरलेल्या 30 वर्षांच्या 435 जोड्यांत नंतरचे वर्ष अधिक ओले की कमी, एवढेच ती पाहते. त्यामुळे एखादे अतिवृष्टीचे वर्ष निकाल ओढून नेत नाही. सेन उतार, म्हणजे प्रत्येक जोडीतील दर वर्षी होणाऱ्या बदलांचा मध्यक, शून्याजवळ आला. वाढीचे विधान मी टिपणातून काढून टाकले.