वेली गुलाब बुंध्यापासून फुलवायचा असेल तर

वेली गुलाब लावलेल्या बहुतेक घरांत मला एकच चित्र दिसतं. खाली पाच-सहा फूट नुसत्या उघड्या काटेरी काड्या आणि फुलं सगळी वर, गच्चीच्या कठड्याजवळ. घरचे म्हणतात, खत कमी पडलं. मग शेणखत होतं, डीएपी होतं, कुणी सांगितलं म्हणून केळीच्या सालीचं पाणी होतं, तरी फुलं वरच राहतात. खताचा इथे काही संबंध नाही. काडी उभी बांधली आहे, एवढंच कारण आहे.

मी नाशिकला सतरा वर्षं वेली गुलाब वाढवते आहे. या गावाचं मुघल काळातलं नाव गुलशनाबाद, त्यामुळे इथे गुलाब आपसूक येतो असा समज आहे. झुडपी गुलाब येतोही. वेली गुलाबाला मात्र वळण लावावं लागतं, आणि ते लावायची पद्धत कुणी धड सांगत नाही.

आधी जात. इंग्लंडच्या बागांचे फोटो बघून भुलू नका. तिथले वर्षातून एकदाच फुलणारे रॅम्बलर चांगली थंडी मिळाली तरच फुलतात, आपल्याकडे त्यांचा नुसता पाला माजतो. 'क्लाइंबिंग आइसबर्ग' निर्धास्त घ्या: पांढरा, भरपूर फुलणारा, काटे कमी. 'कॉकटेल'ची फुलं एकेरी, लाल आणि मध्ये पिवळी. आपल्याच देशात तयार झालेला 'दिल्ली व्हाइट पर्ल'ही चांगला. कमान असेल तर १८६४ सालची फ्रेंच जात 'मारेशाल नील' मिळते का बघा. तिच्या फिकट पिवळ्या फुलांची मान खाली झुकते, त्यामुळे कमानीखालून जाताना फूल थेट तोंडासमोर येतं. नर्सरीच्या चिठ्ठीवर विसंबू नका. मला एकदा वेली म्हणून तीन रोपं मिळाली आणि दोन वर्षांनी तीन कमरेएवढी झुडपं झाली. शेंड्याला कळी नसलेली एक तरी लांब काडी रोपावर दिसत असेल तरच पैसे द्या.

लागवड सोपी आहे. दोन फुटांचा खड्डा, कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड. माती काळी चिकट असेल तर मुरूम किंवा जाड वाळू मिसळा. भिंतीपासून दीड फूट अंतर ठेवा, रोप भिंतीकडे किंचित कलतं लावा, कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या. भिंतीचं तोंड पूर्वेला असेल तर उत्तम. पश्चिमेला तोंड असलेली एप्रिल-मेमध्ये तव्यासारखी तापते आणि कोवळे शेंडे करपवते.

तारा लागवडीच्या वेळीच ओढून घ्या. पहिली जमिनीपासून दीड फुटावर, पुढच्या सव्वा-सव्वा फुटावर, भिंतीपासून चार बोटं सुटी. गुलाबाला तणावे नसतात, तो स्वतः काही धरत नाही, बांधावाच लागतो. काड्या तारेच्या पुढून बांधा. मागून ओवलेली काडी पुढे काढायची वेळ येते तेव्हा तिचे तुकडेच करावे लागतात.

आता खरं काम.

पहिली चार वर्षं मीही काड्या उभ्याच बांधत होते. पिंपळगाव बसवंतचे माझे मामा द्राक्षवाले. एका दिवाळीला ते घरी आले, चहाचा कप हातात घेऊन भिंतीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, हिला ओलांडाच केला नाहीस. फुटणार कुठून ती?" द्राक्षाच्या बागेत खोड वर नेऊन तारेवर त्याचा आडवा हात धरतात, तो ओलांडा. काड्या आणि घड त्या आडव्या हातावर येतात. गुलाबाचं तंत्र वेगळं नाही. काडी उभी असते तोवर शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरत राहतं आणि खालचे डोळे, म्हणजे जिथून फुटवे निघतात त्या जागा, झोपवून ठेवतं. काडी आडवी केली की शेंड्याचा हा जोर ओसरतो आणि ओळीने डोळे फुगू लागतात.

मामांनी त्याच संध्याकाळी सात फुटांची एक काडी सोडवून खालच्या तारेवर आडवी करून दिली. शेजारची तेवढीच काडी उभी ठेवली. तीन आठवड्यांनी मी मोजलं. आडव्या काडीवर तेरा फुटवे होते. उभीवर चार, तेही सगळे शेंड्याजवळ.

मामा गेल्यावर उरलेल्या काड्या मी एकटीने वाकवायला घेतल्या आणि एका दुपारीत तीन मोडल्या. ही काडी वाकता वाकता इशारा देत नाही. बुंध्यापाशी कट् असा आवाज होतो आणि दोन वर्षांची वाढ हातात येते. तो आवाज मी विसरलेले नाही, म्हणून पुढचं नीट वाचा.

काडीचं वय बघा. लालसर, रसरशीत नवी काडी वाकवली तर ती बुंध्यातून टाचेसकट, म्हणजे जोडाच्या सालीसकट, उखडते. तपकिरी, खरखरीत सालीची जुनी काडी वाकतच नाही. यांच्यामधली निवडा: पूर्ण हिरवी झालेली, पेन्सिलीहून थोडी जाड, बोटांत दाबली तर टणक पण शेंड्याला धरून हलवली तर सगळीच्या सगळी लवणारी. नव्या लाल काडीला दोन-अडीच महिने खुशाल वर जाऊ द्या, वाऱ्याने मोडू नये एवढंच सैल बांधा.

आदल्या दिवशी पाणी देऊ नका आणि काम ऊन कलल्यावर करा. सकाळी काडी पाण्याने टच्च भरलेली असते, तेव्हा ती लवकर मोडते.

एका दिवसात आडवी करायचा मोह टाळा. माझ्या तीनही काड्या याच मोहाने गेल्या. बुंध्यातला पहिला फूटभर भाग तसाच कलता राहू द्या, वाक त्याच्या पुढून सुरू होऊ दे. जिथे वाक येणार तिथे आतल्या बाजूने एका हाताचा अंगठा टेकवून ठेवा आणि दुसऱ्या हाताने काडी हळूहळू खाली आणा. अंगठ्याला ताण जाणवला की थांबा. पहिल्या दिवशी अर्ध्यावर आणून तिथेच बांधा. आठ-दहा दिवसांनी एक तार खाली घ्या. तीन-चार आठवड्यांत ती आडवी होते. शेंडा मात्र आडव्या रेषेच्या खाली झुकवू नका, नाहीतर वाकाच्या उंचवट्यावरच एक जोमदार फुटवा निघतो आणि सगळा रस तोच ओढतो.

बांधायला जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या घ्या. आठच्या आकड्यासारखी गाठ मारा: एक फेरा तारेला, मध्ये पीळ, दुसरा फेरा काडीला, करंगळी आत जाईल इतका सैल. नायलॉनची दोरी आणि बारीक तार कुणीही, कितीही सांगितलं तरी वापरू नका. काडी वर्षभरात जाड होते, दोरी सालीत रुतते आणि तिथून पुढचा भाग वाळत जातो. लोक त्याला रोग समजून औषधं मारत बसतात.

काडी चिरली पण सुटली नसेल तर कापून टाकू नका. लगेच जागेवर बसवून त्याच पट्टीने घट्ट गुंडाळा. माझ्या अशा एका काडीने पुढे तीन वर्षं फुलं दिली.

भिंत नसेल, नुसता खांब असेल तर काडी खांबाभोवती तिरकी गुंडाळत न्या. तिरकी काडीही सरळ उभीपेक्षा कितीतरी चांगली फुटते.

छाटणीबद्दल माझं मत ठाम आहे. पहिली दोन वर्षं वाळकं सोडून काहीही कापायचं नाही. 'ऑक्टोबरात गुलाब गुडघ्याएवढा छाटा' हा सल्ला झुडपी गुलाबासाठी आहे. तो वेली गुलाबाला लावला की ज्या काड्यांवर पुढची सगळी फुलं यायची त्याच जातात. शिवाय नावाआधी 'क्लाइंबिंग' असलेल्या जाती मूळच्या झुडपी जातीवर निघालेल्या लांब फांद्यांपासून धरलेल्या असतात. झुडपी आइसबर्ग १९५८चा, वेली १९६८चा. लहानपणीच कडक छाटलं तर अशी जात परत झुडपाच्या वळणावर जाऊ शकते. माळी नवा असेल तर कात्री त्याच्या हाती देण्याआधी हे त्याला सांगा आणि स्वतः शेजारी उभ्या राहा.

तिसऱ्या वर्षापासून पाऊस सरला की, ऑक्टोबरच्या मध्याला, आडव्या मुख्य काड्या तशाच ठेवून त्यांच्यावरचे फुटवे दोन-तीन डोळ्यांवर कापा. सगळ्यात जुनी एक काडी बुंध्यातून काढा, पण तिची जागा घ्यायला नवी काडी तयार असेल तरच. जाड कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावा. डिसेंबरच्या सुरुवातीला भिंत खालपासून भरलेली दिसेल. घोस कोमेजला की त्याखालच्या पाच पर्णिकांच्या (एका देठावर पाच छोटी पानं असलेल्या) पानावर कापत राहा.

पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येतात. गळलेली पानं रोज उचला. थंडीत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येते, उन्हाळ्यात लाल कोळी. कोळ्यासाठी पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

एक गोष्ट मात्र वर्षभर बघत राहा. बुंध्यातून नवी जोमदार काडी आली की ती कुठून आली हे आधी तपासा. सात पर्णिका असतील तर ती खुंटाची, म्हणजे ज्या गुलाबावर कलम बांधलं त्याची, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. कितीतरी चांगल्या वेली जातींनाही सात पर्णिका येतात, आणि या सल्ल्यापायी लोकांनी आपल्याच गुलाबाच्या उत्तम काड्या कापलेल्या मी पाहिल्या आहेत. माती उकरून काडीचा उगम बघा. सांध्याच्या खालून आली असेल तर कापू नका, खाली ओढून टाचेसकट उपटा. वरून आली असेल तर तोच तुमचा पुढच्या वर्षीचा ओलांडा आहे. तिला वर जाऊ द्या, आणि साडीची एक पट्टी आतापासून फाडून ठेवा.