कुरणात अनोळखी तण दिसल्यास या चुका टाळा

चराऊ जमिनीवर अनोळखी तण पसरू लागले की त्याचे नाव ठरवण्याची घाई होते आणि पहिली चूक तेथेच घडते. नुसत्या फुलाच्या फोटोवरून केलेली ओळख भरवशाची नसते. गाजरगवताचेच पाहा: कोवळेपणी त्याची कातरलेली पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली असतात, तर फुलोऱ्यावर आलेले उंच झाड पाहून हे तेच तण आहे यावर विश्वास बसत नाही. घाणेरीच्या बाबतीतही फुलांच्या रंगावर विसंबू नये, कारण तो एकाच गुच्छात वेगवेगळा असतो. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी खरखरीत पाने आणि पान चुरगळताच येणारा उग्र वास या खुणा अधिक पक्क्या आहेत. म्हणून हातमोजे घालून मुळासकट रोप उपटावे, वर्तमानपत्रात दाबून ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे.

जनावर विषारी पाला तोंडात घेत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. चारा मुबलक असताना ते बहुधा टाळते, पण कुरण खरडून निघाले की भूक निवड करू देत नाही. बेशरमीच्या पाल्याची तर शेळ्यांना चटकच लागते.

सर्वांत महागात पडते ते तण कापून तेथेच टाकणे. रॅगवर्टसारखे (पिवळ्या फुलांचे एक विषारी परदेशी तण) तण सुकल्यावर त्याचा कडवटपणा कमी होतो, विष मात्र टिकून राहते, त्यामुळे हिरवेपणी टाळलेली वनस्पती जनावरे वाळलेल्या गवतातून निमूट खातात. तणनाशक फवारल्यावरही हेच घडू शकते; म्हणून मेलेले तण उचलून होईपर्यंत तेथे जनावरे सोडू नयेत.

लक्षणे लगेच दिसतील, असेही धरून चालू नये. रॅगवर्टने होणारी यकृताची हानी साचत जाते आणि आजार कित्येक आठवड्यांनी उघड होतो, तेव्हा दोष मात्र कालच्या चाऱ्यावर जातो. घाणेरी खाल्लेले जनावर उन्हापासून दूर पळते, त्याचे डोळे पिवळे पडतात, फिकट कातडी लाल होऊन सोलते. अशा वेळी ते केवळ सावलीत बांधून भागत नाही, कारण पोटात राहिलेल्या पाल्यातून विष शोषले जातच असते; घरगुती काढे पाजत न बसता पशुवैद्यकाला बोलवावे आणि दाबून ठेवलेले रोप त्यांच्यापुढे ठेवावे.