डिस्कवर्ल्ड वाचायचंय, पण सुरुवात कुठून करू?

टेरी प्रॅचेटच्या या विनोदी फँटसी मालिकेतली ४१ पुस्तकं बघून घाबरू नका, क्रमाने वाचायची सक्ती अजिबात नाहीये. पहिलं 'द कलर ऑफ मॅजिक' १९८३चं, पण तिथून सुरुवात करू नका असं बरेच जुने वाचकच सांगतात, आणि मलाही पटतं ते, कारण त्यात नुसती जुन्या फँटसीची टर उडवलीय, खरा प्रॅचेट अजून सापडायचाय. (क्रमवाले लोक यावर भांडतात, भांडू देत.)

त्यापेक्षा 'गार्ड्स! गार्ड्स!' घ्या. शहराचे पोलीस, त्यांचा दारुडा कॅप्टन व्हाइम्स आणि एक ड्रॅगन, बस. आवडलं तर वॉचचीच (म्हणजे याच पोलिसांची) पुढची पुस्तकं मात्र ओळीने वाचा, कारण व्हाइम्स बदलत जातो आणि 'नाइट वॉच' आधीच वाचलंत तर निम्मी मजा गेली. पोलीस नको असतील तर 'मॉर्ट', त्यात साक्षात मृत्यू शिकाऊ पोरगा ठेवतो. एकच सुटं पुस्तक हवं असेल तर 'स्मॉल गॉड्स', खरा भक्त एकच उरल्यामुळे देवाचं कासव झालंय, धर्मावर इतकं हसवून विचार करायला लावणारं मी दुसरं वाचलं नाही.

तळटीपा गाळू नका हां, अर्धे जोक तिथेच असतात. बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत, त्यामुळे रात्री 'एवढं प्रकरण संपवून झोपतो' वगैरे जमणार नाही. शेवटची पुस्तकं मात्र शेवटीच ठेवा, प्रॅचेटला अल्झायमर झाल्यावरची आहेत, 'रेझिंग स्टीम'वरून वाचकांत अजून दोन तट आहेत.